डबीनं शिकलेली भीती

पहिल्यांदा ते अभिनंदनच्या लक्षात आलं.

हळदीच्या गोदामातून तो घरी आला, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "उद्या दुपारची वीज नाहीये म्हणे." पद्मजा भाकरी थापत होती. तिच्या डाव्या बरगडीखालून बारीक आवाज आला. टिक. काडी मोडावी एवढाच.

"डबी वाजली," तो म्हणाला.

"वाजते की. दिवसभर वाजतच असते."

तो बाहेर गेला. थोड्या वेळानं पाणी प्यायला आत आला, काही न बोलता. डबी गप्प होती. पेला खाली ठेवून त्यानं विचारलं, "भाजी कसली केलीयस?" टिक.

पद्मजाचं तोंड कोरडं पडलं. छातीत धडधडायला लागलं, जिना पळत चढून आल्यासारखं. वांग्याची भाजी आहे एवढं तिनं कसंबसं सांगितलं.

"मी बोललो की वाजते गं ही," अभिनंदन म्हणाला आणि हसला. पण जेवताना तो एक शब्दही बोलला नाही.

डबी हे घरातलं नाव. कागदोपत्री तिचं नाव अनुग्रंथी.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक अधिवृक्क ग्रंथी असते. आकारानं लहानशीच, पण तिच्यावाचून माणूस फार काळ तग धरत नाही. तिच्या बाहेरच्या थरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार होतं. आपण जागे होण्याआधीच पहाटे ते रक्तात चढू लागतं, साखर मोकळी करतं, रक्तदाब सावरून धरतं, तापात आणि दुखण्यात शरीराला उभं ठेवतं. आतल्या गाभ्यात तयार होतं अ‍ॅड्रिनलिन. कुत्रा अंगावर धावून आला की डोकं विचार करायच्या आत छाती धडधडते आणि पाय पळायला तयार होतात, ती त्याची करामत. या सगळ्याला लगामही असतो. गच्चीवरची टाकी भरली की आतला चेंडू वर येतो आणि पाणी बंद होतं. तसंच रक्तात कॉर्टिसॉल पुरेसं झालं की मेंदूच्या तळाशी बसलेल्या पीयूषिका ग्रंथीला ते कळतं आणि ती 'आणखी पाठवा' असा हुकूम सोडायचं थांबते.

पद्मजाच्या दोन्ही ग्रंथींत गाठी झाल्या होत्या. हा दोष तिच्या वडिलांकडून आलेला. ते चाळिशीतच अचानक गेले होते आणि रक्तदाबानं गेले एवढंच तेव्हा घरच्यांना कळलं होतं. पद्मजा सांगलीत मुलींना दोरीवरचा मल्लखांब शिकवायची. एकदा दोरीवर पायांची अढी, म्हणजे विळखा, घालून दाखवताना तिचं डोकं फुटेल असं दुखायला लागलं आणि ती खाली उतरून गादीवरच कोसळली. मिरजेत शस्त्रक्रिया झाली. दोन्ही ग्रंथी काढाव्या लागल्या आणि त्यांच्या जागी कातडीखाली आगपेटीएवढी अनुग्रंथी बसवली गेली.

पूर्वी अशा रोग्यांना जन्मभर गोळ्या घ्याव्या लागत. गोळीला काही कळत नाही. तुम्हाला ताप आलाय की तुम्ही निवांत झोपलाय, ती आपली तेवढीच. अनुग्रंथीला कळायचं. मनगटावरच्या पट्टीतून ती नाडी, घाम, हालचाल आणि भोवतालचे आवाज टिपायची. पहिले काही आठवडे ती शिकायची की या माणसाला कशाच्या आधी काय लागतं. मग ती वेळेआधीच थेंबाचा अंश सोडायची, खऱ्या ग्रंथीसारखा. कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनलिन दोन्ही. दर वेळी आतली झडप उघडताना एक टिक व्हायची.

खऱ्या ग्रंथीला आवाज नसतो. कोणाच्या चाहुलीनं आपली ग्रंथी काय करते हे जगात कोणालाच ऐकू येत नाही. पद्मजा आणि अभिनंदनच्या घरात मात्र ते ऐकू यायला लागलं.

अभिनंदननं आधी आवाज खाली आणला. मग घरी येण्याआधी फोन करायला लागला, म्हणजे तिला धक्का बसू नये. फोनवर "निघालो" म्हटलं की डबी वाजायची. मग त्यानं फोनही सोडला. तो मागच्या दारानं यायचा, चपला हातात घेऊन. एका संध्याकाळी पद्मजा वळली तर तो मागं उभा. ती किंचाळलीच.

"चोरासारखा काय येतोस?"

"आणि काय करू? तुला माझी भीती वाटते."

"मला नाही वाटत. डबीला वाटत असेल."

"डबी काय शेजाऱ्यांची आहे?"

या भांडणातही ती वाजत राहिली आणि दोघं मध्येच थांबून ऐकत राहिले.

सोळा वर्षांचा संसार. त्यानं कधी हात उगारला नव्हता, दारू नाही, आवाज चढवणं नाही. शस्त्रक्रियेनंतर त्यानं तिचं सगळं केलं होतं, अगदी वेणी घालण्यापर्यंत. ओळखीचे लोक त्याचं उदाहरण देत. आणि आता तो स्वतःच्या घरात खुणांनी बोलत होता.

डबी शिकतच होती. तो येतो संध्याकाळी हे तिला ठाऊक होतं. संध्याकाळ होते व्यायामशाळा सुटल्यावर, हेही तिला समजलं. मग मुली गाद्या गुंडाळायला लागल्या की ती वाजायची. पुढे पुढे तर शेवटची तुकडी दोरीवर चढली की वाजायची. पद्मजाचे तळवे गार पडायचे. ती दारापर्यंत जायची, परत यायची, कोणी विचारलं की "काही नाही" म्हणायची. घरी तिला एका जागी बसवेना. ती कपाटं आवरायची, आवरलेली कपाटं पुन्हा उपसायची. अंथरुणाला पाठ टेकली की पाय हलवत राहायची आणि शेजारी अभिनंदन डोळे मिटून जागा असायचा.

एके दिवशी शेवटच्या तुकडीत शलाका दोरीवर होती. तेरा वर्षांची, हिंमतवान पोर. उलटं होताना तिची अढी सुटली. अशी पकड सुटलेली पद्मजानं आजवर शेकडो वेळा पाहिली होती आणि खाली उभं राहून पोरीला झेललंही होतं. त्या दिवशी डबी वाजून गेली होती, तिचं लक्ष दाराकडे होतं. हात पुढे गेले ते उशिरा. शलाका पायावर पडली आणि घोट्याचं हाड तडकलं.

"बाई, तुम्ही कुठं बघत होता?" रडत रडत शलाकानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी पद्मजानं व्यायामशाळेतून सुट्टी घेतली आणि अभिनंदनला घेऊन मिरजेला डॉ. निलोफर मुजावरांकडे गेली. अनुग्रंथी त्यांनीच बसवली होती. साठीच्या जवळ आलेल्या, तोडून बोलणाऱ्या, पण घाई न करणाऱ्या बाई. त्यांनी पट्टी आपल्या यंत्राला जोडली, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "शस्त्रक्रियेनंतर जखमेचं ड्रेसिंग कोण करत होतं?"

"मी," अभिनंदन म्हणाला. "रोज संध्याकाळी. कामावरून आलो की."

"दुखायचं?"

"फार दुखायचं," पद्मजा म्हणाली. "जखम चिघळली होती ना. कापूस आत घालून पुसायला लागायचं."

"मग झालं तर. ते दिवस या अनुग्रंथीचे शिकण्याचे होते. हिनं काय पाहिलं? या माणसाचा आवाज आला की थोड्या वेळानं शरीराला यातना होतात. म्हणून ती आवाज आला की आधीच तयारी करायला लागली. जखम भरली, पण तयारी चालूच राहिली. त्यात गंमत अशी की अ‍ॅड्रिनलिन रक्तात आलं की छाती धडधडतेच. छाती धडधडली की माणसाला वाटतं, आपण घाबरलोय. नाडी वाढलेली पाहून हिला वाटतं, आपला अंदाज बरोबर होता. चेंडू वर येऊन पाणी बंद व्हायच्या ऐवजी चेंडूनंच नळ आणखी सोडावा, तसं झालंय."

अभिनंदनचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे ड्रेसिंग! ऐकलंस? माझ्या हातचं ड्रेसिंग!"

"असू शकतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या पद्मजाकडे पाहत होत्या. "ही आवाज ओळखते, कारण ओळखत नाही. दुसरं काही असेल तर ते मला इथं दिसणार नाही."

पद्मजानं मनगटावरची पट्टी पुन्हा बांधली. नवऱ्याचा तो हलका झालेला चेहरा तिला पाहवेना.

कारण दुसरं काही होतं.

शस्त्रक्रियेच्या आधी तिनं गाठी काढणाऱ्या सर्जनना सांगितलं होतं की शक्य असेल तर एका बाजूच्या ग्रंथीचा निरोगी तुकडा ठेवा. तसं करता येतं. थोडा तुकडा राहिला तरी तो कॉर्टिसॉल बनवतो आणि माणूस यंत्राच्या आधारावर राहत नाही. धोका एवढाच की त्या तुकड्यात पुढेमागे पुन्हा गाठ होऊ शकते. "तो धोका माझा," असं ती म्हणाली होती आणि तेव्हा अभिनंदन शेजारीच बसलेला होता. पोट उघडल्यावर सर्जनना तो तुकडा ठेवण्यासारखा वाटला, पण खात्री देता येईना. त्यांनी बाहेर येऊन नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, सगळं काढा.

हे पद्मजाला त्यानं सांगितलं नाही. एका नर्सनं सांगितलं, तेही कौतुकानं. "तुमच्या मिस्टरांनी किती धीर धरला. लगेच हो म्हणाले." त्या संध्याकाळी तो कापूस आणि चिमटा घेऊन आला तेव्हा पद्मजानं दात आवळले. ते जखमेसाठी आवळले असं त्याला वाटलं. आपला एवढं करणारा नवरा. त्याला काय बोलायचं? ती बोलली नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही.

शिकवण पुसायचं ठरलं. त्यासाठी अनुग्रंथी काही आठवडे बंद ठेवायची, तोवर गोळ्यांवर राहायचं, मग ती कोरी करून पुन्हा चालू करायची. डॉक्टरबाईंनी अभिनंदनला मांडीत सुई कशी द्यायची ते शिकवलं. "उलटी झाली, गोळी पोटात राहिली नाही, तर हिच्याकडे कॉर्टिसॉलचा साठाच नाही. रक्तदाब कोसळेल, भ्रम होईल. तेव्हा वाट बघायची नाही. सुई द्यायची आणि गाडी बोलवायची."

डबी गप्प झाली. पहिल्या संध्याकाळी अभिनंदन पुढच्या दारानं आला आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "आलो!"

पद्मजानं स्वतःच्या आत कान दिला. काही नाही. धडधड नाही, कोरड नाही. तिला केवढं हलकं वाटलं! ड्रेसिंगच होतं तर. तो गुणगुणत आंघोळीला गेला.

पण दुसऱ्या दिवशी रस्त्यात एक टँकर तिला अगदी घासून गेला, तेव्हाही काही झालं नाही. ती बाजूला झाली, एवढंच. पाय कापले नाहीत, घाम फुटला नाही. टँकर गेल्यावर तिला उमगलं की गोळीत अ‍ॅड्रिनलिन नाहीच. मज्जातंतूंमधून थोडंफार काही येत असेल, पण धार गेली होती. शरीर आता कशाचीच ग्वाही देणार नव्हतं. नवरा आला तरी नाही आणि टँकर आला तरी नाही. भीती आहे की नाही, राग आहे की नाही, हे तिला शरीराला विचारता येणार नव्हतं.

तरीही अस्वस्थपणा गेला नव्हता. आता तो छातीत नव्हता, डोक्यात होता. ती पुन्हा कपाटं उपसायला लागली. साड्या घडी करता करता एकदम थांबली आणि बाहेरच्या खोलीत गेली. अभिनंदन बातम्या ऐकत होता.

"तू सगळं काढा म्हणालास," ती म्हणाली. "तुकडा ठेवा असं मी सांगितलेलं तुला माहीत होतं."

आवाज अगदी सरळ होता. भाजीचा भाव सांगावा तसा. नाडी वाढली नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. तिला स्वतःलाच ते चमत्कारिक वाटलं.

अभिनंदननं बातम्या बंद केल्या. "कोणी सांगितलं?"

"नर्सनं. तू सांगायला हवं होतंस."

"तेव्हापासून माहीत आहे तुला?"

"तेव्हापासून."

"आणि तू बोलली नाहीस?"

"तू मला भरवत होतास रे. भरवणाऱ्याशी भांडायचं कसं?"

तो उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. "चुकलं माझं," असं म्हणाला. खूप काही म्हणाला, तुला दुखवायचं नव्हतं, घाबरलो होतो, माफ कर. पद्मजानं सगळं ऐकून घेतलं. ते ऐकूनही तिचं काही हललं नाही. हे गोळ्यांमुळे की त्याच्या बोलण्यात काही नव्हतं म्हणून, ते तिला कळेना.

रविवारी सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. आदल्या दिवशी एका लग्नात जेवली होती, तेच बाधलं. गोळी पडली, दुसरी घेतली तीही पडली. अभिनंदन लिंबू-सरबत करून आणेपर्यंत ती न्हाणीघराच्या दारात बसली होती. ओठ पांढरे, कपाळ ओलं.

"सुई देतो," तो म्हणाला.

"नको."

"पद्मजा, डॉक्टरबाई काय म्हणाल्या—"

"नको म्हटलं ना! मला विचारल्याशिवाय कोणी काही करायचं नाही. बाबांना बोलवा." तिचे बाबा जाऊन वीस वर्षं झाली होती. तिनं त्याचा हात झटकला. सुईची पेटी फरशीवर घसरत गेली.

त्यानं ती उचलली. औषध सुईत ओढून घेताना कुपी त्याच्या हातून दोनदा निसटली. ती त्याच्याकडे पाहून "नको, अभि, नको" म्हणत होती, आणि आवाज तिचाच होता, भ्रमातला असला तरी. त्यानं तिचा पाय आपल्या गुडघ्याखाली दाबून धरला आणि सुई मांडीत घातली. मग फोन केला.

मिरजेच्या दवाखान्यात सलाईन लागलं आणि दुपारपर्यंत ती माणसात आली. कराडहून तिची मोठी बहीण भारतीताई आली होती. ती वकील. चहा आणायला ती खाली गेली तेव्हा अभिनंदन खाटेशेजारी एकटाच होता.

"मी नको म्हणत होते?" पद्मजानं विचारलं.

"हो."

"तरी दिलीस."

"दिली. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा देईन." त्यानं खुर्ची जवळ ओढली. मग एकदम म्हणाला, "आणि त्या दिवशीचंही सांगतो. माफी मागितली ती खोटी होती. सर्जननी आत्ता येऊन विचारलं तरी मी सगळं काढाच म्हणेन. तुझे बाबा कसे गेले ते मी तुझ्याकडूनच ऐकलंय. तुकड्याच्या भरवशावर मी झोपू शकलो नसतो."

पद्मजानं डोळे मिटले. मग तिला राग आला. खरा, दांडगा राग. हाताला सलाईन असताना ती उठून बसली. "तू झोपावंस म्हणून माझी ग्रंथी काढलीस?"

"हो."

"आणि सांगितलं नाहीस!"

"सांगितलं असतं तर तू मला सोडून गेली असतीस असं वाटलं."

"गेले असते," ती म्हणाली. "कदाचित. माहेरी नाही तर कुठंतरी. निदान ओरडले तरी असते." आणि ती ओरडली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली, परिचारिका धावत आली. अभिनंदन मान खाली घालून ऐकत राहिला. उठला नाही, समजूत काढली नाही. भारतीताई चहा घेऊन दारातच थबकली.

अनुग्रंथी चालू करायच्या दिवशी डॉ. मुजावरांनी विचारलं, "तुम्ही शुद्धीवर नसलात तर निर्णय कोणाला विचारायचा? मागच्या वेळी हे विचारायचं राहिलं होतं. आता ते लागतं."

"माझं नाव घालू नकोस," अभिनंदन आधीच म्हणाला. "मी काय करीन ते तुला माहीत आहे."

"माहीत आहे," पद्मजा म्हणाली. "भारतीताईचं नाव लिहा, डॉक्टर. ती मला हवं तेच करील, तिला पटो न पटो." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "घरातली सुई तुझ्याकडे. सही ताईकडे."

ते ऐकून त्याला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. तो खुर्चीत मागं टेकला. त्याचे खांदे खाली आले. शस्त्रक्रियेनंतर तिनं त्याला असं सैल बसलेलं पाहिलं नव्हतं.

"पहिले काही आठवडे अनुग्रंथीला काहीच कळणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उगाच धडधडेल, उगाच थकवा येईल. चपला हातात घेऊन फिरू नका. जसे राहता तसे राहा. भांडण झालं तर भांडा. ती खोटं शिकली तर पुन्हा माझ्याकडे यावं लागेल."

सांगलीला परत येताना पद्मजाला रिक्षात बसवेना. छातीत कारण नसताना काहीतरी उसळत होतं, हात शिवशिवत होते. घर नदीपलीकडे होतं, पण आयर्विन पुलाच्या अलीकडेच तिनं रिक्षा थांबवली. "चालत जाऊ."

पुलावर वारा होता. कृष्णेचं पाणी खाली उतरलं होतं, एका खडकावर कोणीतरी गोधड्या वाळत घातल्या होत्या. ती भराभरा चालत होती आणि अभिनंदनला तिच्याबरोबर राहायला पाय उचलावे लागत होते. तिला त्याच्याबरोबर राहायचं आहे की नाही हे तिचं अजून ठरलं नव्हतं. ते तिनं त्याला तसंच सांगितलं.

"बरं," तो म्हणाला.

"आणि त्या दिवशी बाहेर काय झालं ते मला सांग. नर्सचं ऐकलं, तुझं नाही ऐकलं. सगळं सांग. तू कुठं बसला होतास, ते काय म्हणाले, तू किती वेळ घेतलास. माझं मन राखून सांगू नकोस."

तो चार पावलं तिच्याबरोबर चालला. मग कठड्याला हात लावून थांबला.

"मी बसलोच नव्हतो," तो म्हणाला. "उभा होतो, पाण्याच्या कूलरपाशी. दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आले. त्यांनी मास्क खाली केला..."

पद्मजा त्याच्यासमोर उभी राहून ऐकू लागली.